गिरणीचं झाकण आणि माझा उजवा हात

माझ्या उजव्या हाताला आता अंगठा आणि दोन बोटं आहेत. त्यातलं एक वळत नाही. एवढ्या हाताने मी जेवतो, विहिरीचं पाणी काढतो, सही करतो आणि हे लिहितो आहे.

लिहायचं कारण सांगतो. आमच्या बाजूला आता गावोगाव इंजिनं आली. भाताच्या गिरण्या झाल्या, तेलाचे घाणे इंजिनावर फिरायला लागले. मधूनमधून कुणीतरी हाताला फडकं गुंडाळलेला माणूस माझ्या पडवीत येऊन बसतो. पुढे काय काय होतं ते त्याला विचारायचं असतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे आहे. औषधपाण्यातलं मला कळत नाही. ते डॉक्टरांना विचारावं. बाकीचं मी सांगू शकतो.

झाकण कसं निघालं

आमच्या कट्टा गावच्या बाजारापासून थोड्या अंतरावर भात सडायची गिरण होती. मालकांना सगळे तात्या म्हणत. यंत्र चालवायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते आणि आमच्या भागात गिरण ही नवलाची गोष्ट होती.

इंजिनापासून भाताच्या यंत्रापर्यंत एक रुंद पट्टा फिरायचा. यंत्र बसवायला आलेल्या फिटरने पट्ट्यावर आणि चाकावर पत्र्याचं मोठं, अर्धगोल झाकण बसवलं होतं. जाताना तो मला म्हणाला, "हे काढायचं नाही. पट्ट्याला माणूस कळत नाही."

झाकण एक हंगाम टिकलं. आमच्या लोकांना गिरणीचा भरवसा नव्हता. घरी उखळात सडलेलं भात डोळ्यांसमोर असतं. इथे वरून भात ओतायचं, खालून तांदूळ आणि कोंडा घ्यायचा, मधे काय होतं ते दिसत नाही. प्रत्येकाला वाटायचं, आपले तांदूळ कमी आले. आणि मग सगळ्यांची नजर त्या झाकणाकडे जायची.

पार्वतीकाकी आमच्याच वाडीतल्या. त्यांनी एकदा भर गर्दीत विचारलं, "वासू, त्या पत्र्याच्या पाठी काय आसा रे?"

"पट्टो आसा, काकी."

"पट्ट्याक कपडे कित्याक घातलास? तो काय लाजता?"

सगळे हसले. पण त्याच आठवड्यात बातमी उठली की झाकणामागे एक नळी आहे आणि ती थेट तात्यांच्या स्वयंपाकघरात जाते. गिऱ्हाईक दुसऱ्या गावच्या गिरणीकडे वळायला लागलं. तिथे म्हणे सगळं उघडं होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी तात्यांनी स्वतःच्या हातांनी नटबोल्ट काढले, झाकण बाहेर नेऊन भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "येवा, बघा. खंय आसा नळी?"

जत्रेत देखावा बघावा तशी माणसं रांगेने आत आली, पट्टा बघून गेली. झाकण परत बसलं नाही. मी तात्यांना बसवा म्हटलं, पुन्हाही म्हटलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तू सांभाळून काम कर, म्हणजे झाला."

तो दिवस

फार लांबवत नाही. एका गिऱ्हाइकाचं भात संपलं होतं. त्याला वाटलं, मूठभर तांदूळ पट्ट्याच्या मागे उडाले. तो ओरडायला लागला. मागे तांदूळ नव्हते, कोंडा साचला होता. तो दाखवून भांडण मिटवावं म्हणून मी वाकलो, मूठभर कोंडा उचलला आणि म्हटलं, "ह्यो बघ, भुसो आसा."

तेवढं बोलून झालं आणि हात मागे घेताना सदऱ्याची बाही पट्ट्याला लागली.

दुखलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. त्या वेळी दुखत नाही. मला फक्त आवाज आठवतो आणि पट्टा चाकावरून घसरून जमिनीवर पडला ते आठवतं. पट्टा जुना आणि सैल होता म्हणून उतरला. घट्ट असता तर खांद्यापर्यंत काही राहिलं नसतं. कोंडा अजून माझ्या मुठीत आहे असं मला वाटत होतं.

कुणीतरी हाताला धोतराचा तुकडा आवळला. बाजारात आलेल्या एका लॉरीत मला घातलं आणि वेंगुर्ल्याच्या इस्पितळात नेलं. वाटेभर ते गिऱ्हाईक माझ्या शेजारी बसून रडत होतं. "माका तांदूळ नको रे," एवढंच ते म्हणत होतं.

डॉक्टर काय म्हणाले आणि मी काय ऐकलं

शुद्धीवर आलो तेव्हा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, "दोन बोटं गेली. ती नव्हतीच राहिली. बाकीचा हात ठेवायचा प्रयत्न करतो आहोत. काळं वर चढलं, तर मात्र मनगटापासून काढावा लागेल. आज सांगता येणार नाही."

माझ्या मनाने लगेच हिशेब मांडला की हात आधीच काढलेला आहे आणि हे लोक मला थोडं थोडं करून सांगणार आहेत. कारण मला बोटं जाणवत होती, सगळी. आणि दोन गेली असं तर ते सांगत होते. मग जाणवण्यावर कसा विश्वास ठेवायचा? पट्ट्यांच्या आत नुसता कापूस असेल.

नर्सबाई पट्टी बदलायला आल्या की आड पडदा धरायच्या. मला तो पडदा त्या झाकणासारखा वाटे. गिरणीत मी ज्यांच्यावर चिडायचो, त्यांच्यातलाच मी एक झालो होतो. शेवटी एका सकाळी मी सरळ म्हटलं, "बाई, आत काय आहे ते मला बघायचं आहे."

"बघा की," त्या म्हणाल्या. "पण बसून बघू नका, पडून बघा. बसलेली माणसं पडतात."

मी पडून बघितलं. हात होता. मनगट होतं, तळवा होता, अंगठा होता. जे नव्हतं ते नव्हतं. घेरी आली, पण त्या दिवसापासून डॉक्टरांवरचा संशय गेला. ज्यांना हे भोगायचं आहे त्यांना माझं सांगणं, बघा. लवकर बघा. न बघितलेला हात बघितलेल्या हातापेक्षा फार वाईट असतो.

वॉर्डातले दिवस

सकाळी फरशी फिनेलने पुसायचे, मग पेज, मग इंजेक्शन, मग पट्टी. पट्टीची वेळ जवळ आली की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. दुपारी नातेवाईक. संध्याकाळी समोरच्या झाडावर कावळ्यांची सभा.

मला याद्या करायची सवय आहे. डाव्या हाताने लिहिता येत नव्हतं म्हणून मनातच करायचो. इस्पितळात जाताना काय न्यावं, याची माझी यादी अशी: बटणं नसलेला सदरा, नाडीच्या पायजम्याऐवजी लुंगी, कान असलेला पेला, आणि विचारायचं ते बेधडक विचारील असं घरातलं एक माणूस. नारळपाणी आणणारी माणसं पुष्कळ येतात. विचारणारं एखादंच.

शेजारच्या खाटेवर पायाला मोठं गळू झालेले एक आजोबा होते. ते माझा डाळभात कालवून द्यायचे. डाव्या हाताने माझा घास नाकाकडे जायचा. ते म्हणायचे, "अरे, तोंड खाली आसा." पहिल्यांदा मला राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं. अपघातानंतरचं ते पहिलं हसणं.

बायकोशी मात्र माझं बिनसलं होतं. मालती एक दिवसाआड एस.टी.ने यायची, मुलांना शेजारी ठेवून. ती काहीतरी लपवते आहे हे मला कळत होतं. गिरणीचं विचारलं की ती उशीचा अभ्रा नीट करायला लागायची.

"यंत्रार कोण आसा आता?"

"आसा कोणतरी. तुमी पेज खावा."

"कोण, मालती?"

"माका काय ठावक? मी काय गिरणीत जातंय?"

दत्ताराम

मग एक दिवस माझा धाकटा भाऊ आला. दत्ताराम गलबतावर होता, कालिकतपर्यंत जाऊन आलेला. लग्न झालं, मूल झालं आणि दर्या सोडून तो नुकताच घरी बसला होता. आल्या आल्या त्याने माझ्या पायांना हात लावला. वाकला तेव्हा मला त्याच्या कानामागे पिवळसर धूळ दिसली.

कोंडा. आंघोळ केली तरी तो कानामागे राहतो. मालती माझ्या कानामागचा पुसत आली होती.

"गिरणीवर लागलस?" मी विचारलं.

त्याने मालतीकडे बघितलं. मालतीने खिडकीबाहेर.

"तात्या म्हणाले, दोन घरां आसत, एकाक तरी काम होया," तो म्हणाला. "तुझी जागा तुकाच. तू येयसर मी बघतंय."

"झाकण?"

"काय?"

"पट्ट्यावरचा झाकण, दत्ता. बसवलानी?"

"बसवलाहा," तो म्हणाला. फार चटकन म्हणाला. "आणि दादा, माका काय सांगतस? वाऱ्यात शिडाचो दोर सांभाळलंय मी. ह्यो पट्टो काय, घराकडचो."

शिडाचा दोर सुटला तर हातातून जातो. पट्टा हात घेऊन जातो. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली, ऐकल्यासारखी.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून माझा हात निघून गेला. काळं चढत नाही, मनगट राहील, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मालती रडली. मी विचार करत होतो की दत्तारामाचे दोन हात शाबूत आहेत आणि ते तसे राहतील की नाही, हे मला या खाटेवरून कळायला मार्ग नाही. आलेल्या प्रत्येकाला मी विचारायचो. प्रत्येक जण म्हणायचा, झाकण आहे. कुणीही ते कसं बसवलं, कुणी बसवलं, हे सांगत नव्हतं. खरं सांगणारा माणूस एखादी फालतू गोष्टही सांगतो.

अंडी

खरं कळलं ते अंड्यांमुळे. गळूवाल्या आजोबांची सून कट्ट्याची. ती एकदा उकडलेली अंडी घेऊन आली आणि एक माझ्या हातावर ठेवलं.

"खावा. तात्यांच्या घरची आसत. त्यांच्या कोंब्यो आता बऱ्या घालतत."

"कशामुळे?" मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

"आधी कोल्हो येय ना! आता तात्यांच्या बायलेन खुराड्यार पत्रो घातल्यान. असो अर्धगोल मोठो. कोल्ह्याच्या बापाशीक उघडूचो नाय."

अंडं माझ्या हातात तसंच राहिलं. आजोबा म्हणाले, "गिळ रे, थंड होता." मी ते उशाशी ठेवून दिलं. आमच्या गावात अर्धगोल पत्रा एकच होता.

तात्यांची भेट

दोनतीन दिवसांनी तात्या स्वतः आले. शहाळी घेऊन. स्टुलावर बसले, हळहळले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. पण त्यांच्या प्रत्येक चांगल्या शब्दामागे मला दुसरं काही दिसत होतं.

"वासू, आता काळजी करू नको," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमचा चुकला खंय, ता कळला. यंत्र बसवला तेव्हा राखणदाराक मान देवचो ऱ्हवलो. गावान देवाक गाऱ्हाणां घातला. कोंबो दिलो. आता कोणाक काय्येक होवचा नाय."

मी देवभोळा नाही, नास्तिकही नाही. गावाची राखण करणाऱ्या त्या राखणदाराला आम्हीही मानतो. त्याचा मान त्याला द्यावाच. पण माझ्या डोळ्यांसमोर सगळं एका ओळीत आलं. राखणदाराला कोंबडा मिळाला, कोंबड्यांना छप्पर मिळालं आणि यंत्र तसंच उघडं राहिलं.

"तात्यानू," मी म्हटलं, "कोंबो दिलात ता बरा केलात. आता त्या कोंब्याच्या घरावरचो पत्रो माका देवा."

त्यांचा चेहरा पडला. खाटेशी उभी मालती उशीचा अभ्रा नीट करायची थांबली.

"तुका कोणी सांगला?"

"अंड्यांनी."

त्यांनी स्टूल जवळ ओढलं. मग म्हणाले, आणि हे मात्र खरं बोलले, "झाकण घातलंय तर लोक परत नळी शोधतले. माका चोर म्हणतले. गिरण बंद पडली तर तुझो भाव खंय जातलो?"

"दोन हातांनी खंय पण जायत," मी म्हटलं.

ते गेल्यावर मालती माझ्यावर भडकली. ज्याच्या जिवावर चूल पेटते त्याला असं बोलतात का, आणि उद्या त्याने दत्तारामाला काढलं तर त्याच्या बाळंतिणीने काय खायचं. तिचं खोटं नव्हतं. घरात आजारी माणूस असला की सगळे त्याच्यासाठी खोटं बोलायला शिकतात, आणि तो बरा व्हायला लागला की त्या खोट्याचाच त्याला त्रास होतो.  जाताना मात्र ती दारातून परत आली आणि म्हणाली, "इतके दिस मी रोज सांगतंय दत्ताभावजींका, झाकण घाला. माझा कोण ऐकता?"

ती माझ्या बाजूची होती. मीच तिच्यावर पाळत ठेवत होतो.

घरी जायच्या आधी

सोडलं तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता आणि जड काही उचलायचं नाही अशी ताकीद होती. कट्ट्याला एस.टी.तून उतरलो. मालती घराच्या वाटेला लागली. मी गिरणीच्या.

दारातूनच दिसलं. पट्टा उघडा फिरत होता. दत्ताराम यंत्राच्या पलीकडे वाकून केरसुणीने कोंडा ओढत होता. त्याच्या सदऱ्याची बाही वर दुमडलेली नव्हती.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर त्याने दचकून मागे बघितलं असतं, आणि मग काय झालं असतं ते मला माहीत होतं. मी भिंतीच्या कडेने मागच्या अंगाने तात्यांच्या परसात गेलो. खुराड्यावर माझं झाकण होतं, वर दोन दगड ठेवलेले. डाव्या हाताने दगड ढकलले आणि पत्र्याची कड धरून ओढली. कोंबड्यांनी असा काही गोंधळ घातला की तात्यांची बायको पळी घेऊन बाहेर आली.

"अरे मेल्या! चोर! कोंब्यो चोरता!" मग मला ओळखून, "अरे देवा, वासू! तुझो हात!"

"हात बरो आसा, वैनी. झाकण नेतंय."

एका हाताने ते उचलत नव्हतं. मी ते ओढत अंगणात आणलं. पत्रा जमिनीवर घासल्याचा आवाज ऐकून इंजिन बंद झालं. दत्ताराम बाहेर आला, मागून भात घेऊन आलेली माणसं, आणि शेवटी तात्या.

कुणी काही बोलायच्या आत पार्वतीकाकी म्हणाल्या, "परत झाकण? म्हणजे परत आमचे तांदूळ जातले!"

माणसं कुजबुजायला लागली. तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, मी आता पट्टी सोडून हात दाखवीन. मी तो दाखवला नाही. दया आलेली माणसं दोन दिवस गप्प राहतात आणि तिसऱ्या दिवशी नळी शोधायला लागतात. हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "काकी, चोर म्हणाचा आसा तर तात्यांका म्हणा नको. माका म्हणा. झाकण मी घालतंय. इंजिन बंद झाला की रोज उघडून दाखवतलंय. चालू असताना नाय."

"आणि मधे काय गेला तर?"

"तर मी खाल्लंय."

दत्ताराम अजून तसाच उभा होता. मला वाटलं, तो तात्यांकडे बघेल. त्याने बघितलं नाही. पुढे आला, झाकणाची दुसरी कड उचलली आणि म्हणाला, "दादा, तू दाखव बोल्ट खंय येतत ते. तुका एका हातान जमूचा नाय."

तात्यांनी बोल्ट आवळायचे पाने आणून दिले. 

आता

त्यानंतर बरेच हंगाम गेले. दत्ताराम आता त्याच गिरणीवर यंत्र चालवतो आणि मी भात मोजून घेतो. दुपारी इंजिन बंद झालं की तो झाकण उघडतो. माणसं वाकून बघतात. मागे कोंडाच असतो. पार्वतीकाकी अजून येतात, अजून वाकतात आणि म्हणतात, "आज ठेवल्यानी नाय हां." म्हणजे काल तांदूळ ठेवून घेतले होते. बाजारात पोरं आम्हाला झाकणवाले म्हणतात आणि एकदोन घरं अजूनही दुसऱ्या गावी भात नेतात. माझा पूर्वी चोख माणूस म्हणून नावलौकिक होता. तो गेला. दाणा इकडचा तिकडे न करणारा वासू, आता संशयाचा वासू आहे. वाईट वाटतं. खोटं का सांगू?

तुम्ही हाताला फडकं गुंडाळून हे वाचत असाल तर बरं व्हायला वेळ लागेल, आणि बरं झाल्यावरही थंडीत न असलेली बोटं दुखतील. त्याला उपाय मला सापडलेला नाही. पण तुमच्या जागेवर आज कोण उभं आहे, ते आधी विचारा. उत्तर चटकन आलं तर परत विचारा.

दत्ताराम संध्याकाळी घरी येतो तेव्हा अंगणातल्या पाण्याच्या दगडी दोणीवर हातपाय धुतो. मी पडवीत बसलेला असतो. त्याला ते आवडत नाही, तो म्हणतो, "दादा, रोज काय बघतस?" पण तो हात पाण्यातून वर काढतो, झटकतो आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरून धरतो. मी ते बघतो. मग मालतीला सांगतो, पानं वाढ.